मेंढीला मणी का नाहीत

१३ डिसेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं. दिवसभर मनात येतं ते बायकोला सांगायची सोय नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर तो खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "सगळं नीट होईल रे." हे वाक्य मला आता ऐकवत नाही. तुला कोण सांगून गेलं, बाबा?

परिस्थिती अशी. बायको दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, दाराजवळची खाट. रक्तदाब चढलाय, पाय सुजलेत, आणि बाळाला अजून दोन महिने अवकाश आहे. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, डाव्या कुशीवर पडून राहायचं, उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. दाब हाताबाहेर गेला तर बाळ लवकर बाहेर काढावं लागेल. "आतला एकेक दिवस कामाचा," म्हणाल्या. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या टपावर उभा राहून अंधाऱ्या पोकळीत काम करतो आणि तिथे मला काही वाटत नाही. तिथे दोर तुटला तरी खाली पकड असते, वेग वाढला की ती आपोआप रुळाला धरते. ती मी स्वतः तपासलेली असते. इथे पकड कुठे आहे ते कुणी दाखवत नाही.

हे आमचं तिसरं. आधीच्या दोघांबद्दल लिहिणार नाही. एवढंच, की दुसऱ्या वेळी आम्ही पाळणा आणला होता आणि तो माझ्याच पान्यानं मला उघडावा लागला. एकेक नट काढून खोक्यात भरला. म्हणून या वेळी माझा नियम: बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी घरात सुतळीचा तोडाही आणायचा नाही. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. बायको "बरं" म्हणाली. मागच्या महिन्यात ताई, माझी मोठी बहीण, हौसेनं पायमोजे विणून घेऊन आली तर मी तिच्यावर असा काही खेकसलो की ती आल्या पावली रडत परत गेली. अजून बोलत नाही. न बोलू दे. नियम म्हणजे नियम.

१५ डिसेंबर

आज दाब जरा खाली. त्यामुळे बाईसाहेबांना सुचायला लागलं.

"नाताळ तोंडावर आलाय," ती म्हणाली.

"येऊ दे की."

"अरे, दरवर्षी मी सगळ्यांना हातानं केलेलं काहीतरी देते. या वर्षी तर लोकांनी आपल्यासाठी किती केलंय. या सिस्टर, त्या मावशी. तुझे उस्ताद तुझी पाळी स्वतःच्या अंगावर घेतात. सगळ्यांना नुसतं कोरडं थँक्यू म्हणायचं?"

"या वर्षी तू एकच काम कर. पडून राहा."

"पडूनच शिवता येतं. मला फेल्ट आणून दे."

मी विचारलं, फेल्ट ही काय भानगड आहे. तर म्हणे दाबलेल्या लोकरीसारखं जाडसर कापड, कुठूनही कापलं तरी कडेला धागे सुटत नाहीत. "तुझ्यासारख्याला बरं. दुमड नको, शिलाईयंत्र नको, चुकलं तरी बिघडत नाही." संधी मिळाली की सोडायची नाही हा तिचा जुना स्वभाव. नाताळच्या झाडाला टांगायच्या चांदण्या, घंटा, छोटी झाडं, हातमोजे असलं काहीतरी करायचं, आत कापूस भरायचा, वर फितीचा फास लावायचा.

मी नाही म्हणणार होतो. डोकं ठिकाणावर आहे का, असंही म्हणणार होतो. पण कापडाचं बोलताना तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा दिसला, म्हणून तोंड मिटलं.

१६ डिसेंबर

फेल्ट आणलं. लाल, हिरवं, पिवळं. बायकोनं बजावून पांढरंही मागितलं होतं. दुकानदार मोठा बोलका. "शाळेच्या हस्तकलेला का? कितवीत आहे मूल?" मी दुसरी पिशवी तिथेच विसरून निघालो. त्यानं हाका मारून परत बोलावलं.

बायकोनं पडल्या पडल्या वर्तमानपत्रावर आकार काढून दिले आणि मी कापायला बसलो. जन्मभर पत्रा कापलेला हात. प्रत्येक आकाराभोवती मी सवयीनं चौफेर मोकळी जागा सोडली, लिफ्टचा दरवाजा बसवताना सोडतो तशी. घंटा पाहून ती म्हणाली, "ही घंटा आहे की भोपळा?" आणि हसायला लागली. हसताना तिनं पोटाला हात लावला, तर माझा जीव टांगणीला. दुखतंय का? काही होतंय का? "अरे, हसतेय मी," ती म्हणाली. मग हसणं थांबवलं. माझ्यासाठीच थांबवलं असावं.

१७ डिसेंबर

आज काजटाका शिकलो. दोन सारखे तुकडे एकावर एक ठेवायचे, सुई कडेपासून थोडी आत घालायची आणि दोऱ्याच्या फासातून वर काढायची. प्रत्येक टाका मागच्या टाक्याला धरून ठेवतो. एका जागी बोटाएवढं तोंड उघडं ठेवायचं, तिथून पेन्सिलीच्या बोथट बाजूनं कापूस ढकलायचा, मग तोंड शिवून टाकायचं. शेवटी मणी. झाडाला मणी, चांदणीला मणी. माझ्या पहिल्या चांदणीचा एक पाय लुळा पडलाय. ती म्हणाली, ही डॉक्टरीणबाईंना देऊ, त्या बऱ्या करतील.

पलीकडे खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई आहेत. आम्ही त्यांना खिडकीवाली म्हणतो. दिवस भरलेत, आज-उद्या मोकळ्या होतील. घरी दोन वर्षांचं एक आहे. दिलखुलास बाई, पण त्यांच्या खाटेखाली एक मोठी पिशवी आहे, दुपटी आणि टोपडी अशी वर आलेली, त्यामुळे मी त्या बाजूला बघत नाही. आज त्या मला म्हणाल्या, "तुम्ही गेलात की तुमची बायको काय बोलत असते हो दिवसभर!"

"कुणाशी?" मी विचारलं.

खिडकीवाली नुसतीच हसली. ताईशी बोलत असणार फोनवर. माझ्या तक्रारी चालल्या असतील दोघींच्या.

१९ डिसेंबर

सिस्टर दाब मोजायला आल्या तेव्हा उशी सरकली आणि खालून एक मेंढी निघाली. पांढऱ्या फेल्टची, माझ्या मुठीत मावेल एवढी. चष्मेवाल्या सिस्टर, म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यात मोठ्या, त्यांनी ती उचलून पुन्हा उशीखाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

"ही कुणाला?" मी विचारलं.

"असंच. उरलेल्या तुकड्यातून केली."

तुकडे मी कापतो. पांढऱ्याचा तुकडा उरलेला नव्हता, अख्खा ताव होता. पण म्हटलं जाऊ दे. हातात घेऊन पाहिली. कडेनं काजटाक्याच्या दोन फेऱ्या घातल्यात, बाकी सगळ्यांना एकच. टांगायला फास नाही. डोळे काळ्या दोऱ्यानं भरलेले.

"हिला मणी का नाही लावले? त्या झाडाला डझनभर लावलेस."

"मणी निघतात."

"मग झाडाचे नाही निघत?"

"झाडाचे निघाले तर निघू देत," ती म्हणाली आणि मेंढी माझ्या हातातून काढून घेतली.

हे तर्कशास्त्र मला काही झेपलं नाही. पण रक्तदाब असलेल्या बाईशी वाद घालू नये, एवढी अक्कल मला आहे.

२० डिसेंबर

दाब वर. खूप वर. बोटं इतकी सुजली की अंगठी साबण लावून काढावी लागली. ती आता माझ्या शर्टाच्या खिशात आहे आणि मी दर थोड्या वेळानं खिसा चाचपतो. तिला दिवे भगभगतात, डोकं ठणकतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हातात सुईसुद्धा नको. उरलेलं सगळं माझ्याकडे.

मला खूप भीती वाटते. इथे लिहिलं म्हणजे कमी होईल असं वाटलं होतं, पण होत नाही.

२१ डिसेंबर

कामाच्या जागी डबा खायच्या सुट्टीत लिफ्टच्या टपावर बसून दोन हातमोजे आणि एक घंटा पुरी केली. उस्ताद खालून ओरडले, "अरे शिंपीबुवा, माझ्या विजारीचं बटण तुटलंय, ते पण बघ!" मग वर आले, मला सुईत दोरा ओवता येईना हे पाहिलं आणि चिडवणं बंद केलं. ते शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत राहिले. त्यांची चांदणी मी त्यांना तिथेच देऊन टाकली. त्यांनी ती हत्यारांच्या पेटीला अडकवली.

खिडकीवालीला काल मुलगा झाला. गुटगुटीत आहे. मी दारातूनच अभिनंदन केलं.

२२ डिसेंबर

आज सगळ्या वस्तू वाटल्या. डॉक्टरीणबाईंना लुळी चांदणी, सिस्टरांना घंटा, मावशींना झाडं. मावशींनी झाड तिथल्या तिथे साडीच्या पिनेला अडकवलं. बायकोला तपासणीसाठी खाली नेलं होतं, त्यामुळे तिला हे बघायला मिळालं नाही.

आणि नेमकं तेव्हाच खिडकीवाली घरी निघाली. तिची सासू आलेली, नवरा पिशव्या उचलतोय, आणि माझ्याजवळ तिच्यासाठी काहीच उरलेलं नाही! तिची घंटा मी चुकून रक्त न्यायला येतो त्या माणसाला देऊन बसलो होतो. इतके दिवस शेजारी काढले, बायकोला पाणी दिलं, हाका मारून सिस्टर बोलावल्या, आणि रिकाम्या हातानं पाठवायची? बायकोला काय वाटेल? मग एकदम आठवलं. मेंढी!

अर्धवटच होती ती, पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. उशीखालून काढली, लाल फीत दुमडून पाठीवर फास शिवला. डोळ्यांच्या दोऱ्यावर दोन काळे मणी बसवले. मेंढी लगेच बघायला लागली. खिडकीवालीनं ती बाळाच्या दुपट्यावर ठेवली, म्हणाली, "किती गोड! आमच्या थोरल्याला दाखवते घरी गेल्यावर." तिचं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत आहे, बायकोला बरं वाटलं की दोघं या म्हणाली.

आज कितीतरी दिवसांनी एक गोष्ट नीट पार पाडल्यासारखं वाटलं.

२३ डिसेंबर

काल लिहिलेलं मागे घेतो.

तपासणीहून काल बायकोला परत आणलं तेव्हा मी उत्साहानं सगळी हकीकत सांगितली. कोण काय म्हणालं, मावशींनी झाड कुठे लावलं. ती हसत ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात उशीखाली गेला.

"मेंढी कुठेय?"

"ती खिडकीवालीला दिली. अगं, तिला द्यायला काहीच उरलं नव्हतं. फास शिवला, डोळ्यांना मणीही लावले. तू असतीस तर—"

"मणी लावलेस?"

"छान दिसत होती."

तिनं डोळे मिटले. "बरं केलंस," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे उजव्या कुशीवर. मी म्हटलं डावी कुस, डॉक्टरीणबाईंनी डावी सांगितलीय, तर वळली पण बोलली नाही. संध्याकाळी दाब कधी नव्हे इतका.

आज पण गप्प आहे. माझी शिलाई तिला पसंत पडत नाही हे मला माहीत आहे, पण म्हणून इतकं? की तपासणीत काही निघालं आणि मला सांगत नाहीयेत? डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणतात बाळाची वाढ कमी आहे पण ठोके चांगले आहेत. ठोके चांगले आहेत असं पूर्वीही एकदा ऐकलंय मी. ठोके होते, आणि मग नव्हते.

सारखा त्या बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या यंत्राचा आवाज ऐकत बसतो. जरा अडखळला की सिस्टरना बोलवायला धावतो.

२५ डिसेंबर, सकाळ

काल लिहिता आलं नाही. आता क्रमानं लिहितो, नाहीतर डोक्यात सगळ्याचा काला होतोय.

काल सकाळी चष्मेवाल्या सिस्टर दाब मोजून गेल्या आणि मला व्हरांड्यात बोलावलं. "आज-उद्यात बाळ बाहेर काढावं लागेल. मनाची तयारी ठेवा. आणि तुमच्या बाळाची मेंढी कुठे गेली? उशीखाली दिसत नाही."

"आमच्या बाळाची?"

"म्हणजे काय! रोज तिच्याशीच तर बोलायची तुमची बायको. मेंढी पोटावर ठेवायची आणि बोलत बसायची. लवकर झालेल्या बाळाला ठेवतात त्या काचेच्या पेटीत ठेवता येणार नाही, पण धुऊन दिलीस तर पेटीच्या बाहेर काचेला टेकवून ठेवू, असं मीच म्हणाले होते तिला. तुम्हाला सांगू नका म्हणाली. तुमचा काही नियम आहे म्हणे."

सगळं एका फटक्यात कळलं. दोन फेऱ्या का, फास का नाही. मणी निघतात! लहान मूल तोंडात घालतं म्हणून मणी नव्हते. आणि मी ते लावले, आणि ती वस्तू अशा घरात पाठवली जिथे दोन वर्षांचं पोर आहे. माझी शिलाई मला माहीत आहे. लुळ्या चांदणीची शिलाई.

मग मात्र माझं धाबं दणाणलं. त्या पोरानं मणी उपटला असेल, घशात अडकला असेल, तिकडे रडारड चालू असेल. डोळ्यासमोर दुसरं काही येईना. खिशात सुई-दोरा होताच. मागच्या गल्लीत पळत गेलो आणि दार वाजवत सुटलो.

खिडकीवालीच्या सासूनं दार उघडलं. "काय झालं? बायको बरी आहे ना?"

"मेंढी," मी म्हणालो. "मेंढी कुठेय?"

आतल्या खोलीत थोरलं पोरगं जमिनीवर बसलेलं आणि मेंढीचं डोकं त्याच्या तोंडात. मी झडप घालून ओढली. ते भोकाड पसरून रडायला लागलं, तान्हंही उठलं, सासूबाई वैतागल्या. मी खिडकीशी जाऊन पाहिलं. एक मणी होता. दुसरा नव्हता.

ते क्षण माझ्या वैऱ्यावरही येऊ नयेत. मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होतो, खिडकीवाली खाटेवरून उठायला बघत होती, सासूबाई पोराच्या तोंडात बोट घालत होत्या. मणी सापडला चटईच्या कडेला. मी तो मुठीत धरला आणि मला रडू फुटलं. परक्याच्या घरात, बायकांसमोर, चांगलं हुंदके देऊन.

मग सांगितलं त्यांना. मणी चुकून लावले, ते काढायला हवेत, एवढंच. खिडकीवालीला मात्र उमगलं असावं. "ती तुमच्या बाळासाठीच होती ना, खरी?" म्हणाली. "घेऊन जा तुम्ही." पण थोरलं हात पसरून "माझी, माझी" करत होतं. मी तिथेच बसून दुसरा मणी कापला, फास उसवला, उसकटलेले डोळे पुन्हा दोऱ्यानं भरले, बायकोनं भरले होते तसेच. आणि मेंढी पोराला दिली. त्यानं लगेच तोंडात घातली. घाल बाबा.

तेवढ्यात फोन वाजला. चष्मेवाल्या सिस्टर. "लगेच या."

मी पोहोचलो तेव्हा बायकोची चाकांची खाट लिफ्टच्या दारात होती. त्या लिफ्टच्या दरवाजाचं चाक झिजलंय, आवाजावरून पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी. झिजलेल्या चाकानं काही होत नाही हेही मला माहीत आहे. तरी तिला त्यात घालू नका असं ओरडावंसं वाटलं. तिचा हात धरला. काय बोलायचं ते सुचेना, तोंडातून निघालं, "मणी काढले मी."

तिनं डोळे उघडले. "आणि मेंढी?"

"तिथेच ठेवली. ते पोर चघळत होतं गं."

"मागून नाही ना घेतलीस?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. त्या दिवशी "बरं केलंस" म्हणाली होती तसं नाही, खरोखरचं. मग म्हणाली, "मला फार भीती वाटतेय रे." इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी समजत होतो घाबरणारा मी एकटाच. दरवाजा मिटला आणि मी जिन्यानं धावत वर गेलो.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आतून रडण्याचा आवाज येत नव्हता. दाराला कान लावून उभा राहिलो तरी येत नव्हता. मग आला, अगदी बारीक, कुणीतरी लांबून हाक मारावी तसा. मुलगी.

मी पाहिली. काचेच्या पेटीत, नाकात नळी, छाती भराभरा वरखाली. दीड किलोसुद्धा नाही. बायको ठीक आहे, दाब उतरतोय. मुलीचं आताच काही सांगता येत नाही, म्हणाले. पुढचे काही दिवस बघायचे.

ताईला फोन केला. ती रडली, मग मीही.

२६ डिसेंबर

रात्र निभावली. श्वास अजून भराभरा.

पेटीच्या खोलीतल्या सिस्टरनी विचारलं, "टोपी आणलीय का? आमच्या टोप्या हिला गळ्यापर्यंत येतात. एवढ्याशा जिवाची ऊब डोक्यावाटेच निघून जाते."

मी म्हटलं, नाही.

"दुपटं? झबलं?"

नाही. काहीच नाही. बाकी प्रत्येक पेटीखाली एकेक पिशवी होती. आमच्या पेटीखाली फरशी. मला इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

बायकोला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग शीव."

"मी?"

"माझ्या हाताला सलाईनच्या सुया टोचल्यात. तू शीव. काजटाका येतो तुला."

"नको," मी म्हणालो. "विकत आणतो. नाहीतर ताईला सांगतो." मग खरं काय ते बोललो. "मी शिवली आणि तिला काही झालं तर? पाळण्याच्या वेळेसारखं?"

"पाळणा दुसऱ्या वेळी आणला होता," ती म्हणाली. "पहिल्या वेळी आपण काय आणलं होतं? आठव बरं."

मी आठवू लागलो.

"काहीच नव्हतं आणलं," ती म्हणाली. "एक दोरासुद्धा नाही. तरी गेलंच ना ते?"

हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

पेटीच्या खोलीतल्या सिस्टरनी डोक्याचं माप दोऱ्यानं घेऊन दिलं, गाठ मारून. तो दोरा मी बोटाला गुंडाळून पाहिला. एवढंसं डोकं! फेल्ट टोचेल म्हणून माझा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला बनियन घेतला. शिवून झाली की जंतू मारायला वाफेत काढून देऊ, असं सिस्टर म्हणाल्या आहेत. चौफेर मोकळी जागा सोडली नाही. सोडायला नको असं ठरवूनच कापलं. तरी थोडी सुटलीच असावी, हात ऐकत नाही.

२७ डिसेंबर

बायकोला आज पहिल्यांदा चाकांच्या खुर्चीवरून पेटीपाशी नेलं. टोपी मी रुमालात गुंडाळून नेली. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवलीय, आत काचू नये म्हणून. त्यामुळे दिसायला अगदीच गबाळी आहे.

सिस्टरनी हात धुतले, पेटीच्या भोकातून आत घातले आणि हलक्या हातानं टोपी चढवली. भुवयांवर आली, मग डोळ्यांवर. सिस्टरनी कडेला एक घडी घातली. तरी सैलच. मला वाटलं जमीन दुभंगावी.

"मोठी झाली," मी म्हणालो. "उसवतो. पुन्हा करून आणतो."

"कशाला उसवता?" सिस्टर म्हणाल्या. "वाढेल की ती."

बायकोनं माझा हात घट्ट धरला. मी "हो" म्हणालो.